कादंबरीतील मठ आणि डोंगरावरचा मठ

इटालियन लेखक उंबेर्तो एको ह्यांची ‘द नेम ऑफ द रोज’ ही कादंबरी 1980 साली प्रसिद्ध झाली. तिचे कथानक 1327 मध्ये, उत्तर इटलीच्या डोंगरावरील एका काल्पनिक बेनेडिक्टाइन मठात घडते. 1986 साली तिच्यावर चित्रपटही निघाला. मठ म्हटला की अंधार, विषप्रयोग आणि चोरवाटा, असे चित्र त्यामुळे अनेकांच्या मनात ठसले. म्हणूनच ज्या वास्तूवरून एकोंना हा मठ सुचला, तिची ओळख करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ती वास्तू म्हणजे ‘साक्रा दी सान मिकेले’. तुरीनच्या पश्चिमेस, आल्प्सकडे जाणाऱ्या सूसा खोऱ्याच्या तोंडाशी, 962 मीटर उंचीच्या पिर्किरियानो डोंगरावर दहाव्या शतकाच्या अखेरीस महादूत संत मायकल ह्यांच्या नावाने हा मठ स्थापन झाला. माथ्यावर सपाट जागा अशी नव्हतीच. तेव्हा बांधणाऱ्यांनी उतारावरून प्रचंड दगडी पाया वर उचलत नेला आणि त्याच्या आधाराने ख्रिस्तमंदिर उभारले. परिणामी दर्शनी भिंत मंदिरासमोर नसून चक्क वेदीच्या खालच्या बाजूस आहे! आत एका खांबाच्या बुडाशी डोंगराचे टोक आजही उघडे दिसते. वर जाणारा दगडी जिना ‘मृतांचा जिना’ म्हणून ओळखला जातो, कारण त्याच्या कडेला मठवासीयांच्या कबरी होत्या. त्याच्या वरच्या टोकाला बाराव्या शतकातील शिल्पकार निकोलाउस ह्याने कोरलेले राशिचक्राचे द्वार आहे.

एकोंनी येथून कड्यावरची बेलाग उंची घेतली. मुख्य इमारतीचा अष्टकोनी आकार मात्र दक्षिण इटलीतील ‘कास्तेल देल मोंते’ ह्या किल्ल्याची आठवण करून देतो. त्या इमारतीत खाली स्वयंपाकघर व भोजनगृह, त्यावर लेखनदालन आणि सर्वांत वर चक्रव्यूहासारखे कुलूपबंद ग्रंथालय आहे. आमच्या मते खरा फरक इथेच आहे. साक्रामध्ये सारी चढण वेदीपाशी संपते आणि ती वाट यात्रेकरूंना खुली असते. कादंबरीत शिखरावर लपवलेले पुस्तक आहे. ज्ञान दडपण्यावर एकोंनी केलेली टीका आम्हांस मान्य आहे. परंतु प्राचीन ग्रंथ हाताने उतरवून ते जगापर्यंत पोहोचवणारेही हेच बेनेडिक्टाइन होते, हे चित्रपट पाहणाऱ्यास कळत नाही.

कादंबरीतील मठ अखेरीस जळून जातो. 24 जानेवारी 2018 च्या रात्री साक्रामधील जुन्या मठाच्या छपरालाही आग लागली. 1836 पासून हे स्थान धन्यवादित आंतोनियो रोझमिनी ह्यांच्या संघाकडे सोपविलेले आहे. छपराची हानी झाली. ख्रिस्तमंदिर मात्र सुरक्षित राहिले.