प्लेअर बदलला म्हणून तबला मोकळा वाजत नाही

‘हा प्लेअर टाकून बघ, तबला किती मोकळा ऐकू येतो!’ असा संगणकावरच्या प्लेअरबद्दलचा सल्ला संगीतप्रेमींच्या गप्पांत हमखास मिळतो. सल्ला देणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं जाणवलेलं असतं. पण जाणवलेला फरक आवाजातलाच आहे, हे त्यावरून ठरत नाही.

संगीताच्या फाइलमध्ये आकडे असतात. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. फ्लॅक या प्रकारच्या फाइलमध्ये हेच आकडे कमी जागेत बसवलेले असतात आणि वाजवताना ते एकही न गमावता परत मिळतात. प्लेअरने हे आकडे जसेच्या तसे डॅककडे, म्हणजे आकड्यांचा विद्युत संकेत करणाऱ्या भागाकडे पोचवले, की त्याचं काम संपलं. दोन प्लेअरनी तेच आकडे पोचवले, तर एकाचा आवाज ‘उबदार’ आणि दुसऱ्याचा ‘कोरडा’ कशामुळे होईल?

‘३२-बिट इंजिन’ असं मिरवणारे प्लेअर बरेच आहेत. आवाज कमी-जास्त करताना किंवा इक्वलायझर लावताना ही जादा अचूकता उपयोगी पडते. काहीच बदलायचं नसेल, तर १६ बिटचा आकडा त्या इंजिनातून होता तसाच बाहेर येतो. गाणं आधी रॅममध्ये भरून घेतलं की ते स्वच्छ वाजतं, हा दावाही असाच. कुठलाही प्लेअर डेटा थोडा आधीच साठवून ठेवतो, आणि नमुने कोणत्या क्षणी वाजायचे हे डॅकजवळचं घड्याळ ठरवतं. हार्ड डिस्कचा त्यात हात नसतो.

फरक पडतो तो सेटिंगमुळे. एका प्लेअरमध्ये इक्वलायझर चालू राहिलेला असतो, दुसऱ्यात गाण्यांच्या आवाजाची पातळी सारखी करणारं रिप्लेगेन. विंडोजचा नेहमीचा मिक्सर सगळे आवाज एकाच ठरावीक सॅम्पल रेटवर आणतो. विंडोजच्याच वासापी या ध्वनिमार्गाचा एक्सक्लुझिव्ह मोड निवडला की तो टप्पा टळतो. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आवाजाची पातळी. एक आवाज दुसऱ्यापेक्षा अगदी किंचित मोठा असेल, तर कानाला तो मोठा न वाटता अधिक चांगला वाटतो. प्लेअरच्या किती तुलना इथेच फसत असतील!

म्हणून पातळी समान करून एबीएक्स चाचणी घ्यावी. अ आणि ब ऐकायचे, मग क्ष ऐकून तो दोघांपैकी कोणता ते नाव न बघता सांगायचं. १६ पैकी १२ किंवा जास्त वेळा बरोबर आलं, तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. फूबार२००० या प्लेअरसाठी अशा चाचणीचं जोडसाधन फुकट मिळतं. आपला प्लेअर इतरांपेक्षा चांगला वाजतो का, या प्रश्नाला फूबारच्या कर्त्यांनी स्वतःच ‘नाही’ असं स्वच्छ उत्तर दिलं आहे. मला या प्रामाणिकपणाचं फार मोल वाटतं, कारण असे दावे ऐकून लोक पदरचे पैसे घालतात. तेच पैसे चांगल्या हेडफोनवर खर्च केले, तर फरक पहिल्या मिनिटात कळतो.

प्लेअर निवडताना एक गोष्ट मात्र जरूर तपासावी. एकाच मैफलीतले आलाप आणि बंदिश सीडीवर वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये असतील, तर गॅपलेस सोय नसलेला प्लेअर दोन्हींच्या मध्ये क्षणभर थांबतो आणि तानपुरा तुटतो. हा दोष सॉफ्टवेअरचाच, आणि तो कोणालाही ऐकू येतो.