पैसे कायले कटले?

बचत खात्यातून कापलेला दंड परत मागता येतो. त्यासाठी नियम काय आहेत, अर्ज कसा लिहायचा आणि बँकेने ऐकलं नाही तर कुठे जायचं, याची ही माहिती.

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातलं हिंगणी हे बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवरचं गाव. हा सगळा पट्टा कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या हंगामावर चालतो. इथल्या घरांत बँकेच्या खात्यात पैसा येतो तो ठरलेल्या वाटांनीच. कापूस विकला की येतो, पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता पडला की येतो, निराधारचं अनुदान सुटलं की येतो. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार त्यात आले. मधल्या काळात खत, बियाणं, दवाखाना, पोरांची फी यांत खातं तळाला गेलेलं असतं. नेमक्या त्याच दिवसांत किमान शिल्लक नाही म्हणून दंड मांडला जातो, आणि पुढचा हप्ता पडला की त्यातून तो वळता होतो.

पासबुक छापून आलं की त्यात इंग्रजी आद्याक्षरांची एक नोंद दिसते आणि आपल्या विदर्भात सगळीकडे ऐकू येणारा प्रश्न येतो, ‘माहे पैसे कायले कटले जी?’ काउंटरवरचं उत्तरही ठरलेलं असतं, ‘मिनिमम बॅलन्स नव्हता मावशी, सिस्टिमनं कापले.’ मावशी पासबुक पिशवीत घालून घरचा रस्ता धरते. दीडशे-दोनशे रुपयांसाठी किती भांडायचं, असं तिला वाटतं. पण दीडशे-दोनशे रुपये म्हणजे शेतातली दिवसभराची मेहनत असते. शिवाय ‘सिस्टिमनं कापले’ हे उत्तर अपुरं आहे. सिस्टिमने केव्हा, किती आणि कुणाचे कापायचे, याचे नियम रिझर्व्ह बँकेने लिहून दिलेले आहेत.

ओव्हरड्राफ्ट तिकडचा, दंड इकडचा

ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात आहे त्याहून जास्त रक्कम उचलण्याची सोय. ब्रिटन-अमेरिकेत साध्या पगारदाराच्या खात्यालाही ती असते, आणि तिथल्या बँकांनी तिच्यावर वर्षानुवर्षं जबर शुल्क लावलं. ब्रिटनमध्ये २००६-०७ च्या सुमारास लाखो ग्राहकांनी पत्रं लिहून हे शुल्क परत मागितलं आणि अनेकांना ते मिळालंही. पुढे नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बँकांच्या बाजूने गेला. पण विषय संपला नाही. एप्रिल २०२० पासून तिथल्या नियामकाने ओव्हरड्राफ्टवरचं ठोक शुल्क बंद केलं आणि फक्त व्याज घ्यायला परवानगी दिली. कोर्टात हरलेली मागणी अखेर नियमात उतरली.

आपल्याकडे ओव्हरड्राफ्ट बहुतेक व्यापाऱ्याच्या खात्याला असतो. अपवाद जनधन खात्याचा. २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेल्या या योजनेत सहा महिने व्यवहार नीट चालवणाऱ्या पात्र खातेदाराला ओव्हरड्राफ्ट मागता येतो. त्याची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, २०१८ मध्ये ती १०,००० झाली. सर्वसाधारण बचत खात्यात मात्र उणे शिल्लक चालत नाही. म्हणून जो भार तिकडे ओव्हरड्राफ्टच्या नावाने पडतो, तो इथे किमान शिल्लकेचा दंड, कर्जाचा हप्ता परत गेल्याचं शुल्क, कार्डाची वर्गणी, एसएमएसचे पैसे अशा नावांनी पडतो. नाव कोणतंही असो, ज्याच्या खात्यात कमी त्याच्याकडूनच जास्त घेतलं जातं.

ही रक्कम किरकोळ नाही. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिल्लकेच्या दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केले, अशी माहिती केंद्र सरकारने जुलै २०२४ मध्ये लोकसभेत दिली. स्टेट बँकेने हा दंड मार्च २०२० मध्येच बंद केला होता, त्यामुळे त्यानंतरची वसुली इतर सरकारी बँकांची आहे.

ओवाळणीतून कपात

महाराष्ट्रात हा प्रश्न चव्हाट्यावर आला तो ऑगस्ट २०२४ मध्ये. राखीपौर्णिमेच्या तोंडावर लाडकी बहीण योजनेचे दोन हप्ते मिळून ३,००० रुपये बायकांच्या खात्यात जमा झाले. अनेकींची खाती बरीच वर्षं जवळपास रिकामी होती आणि त्यांवर दंडाची थकबाकी चढलेली होती. पैसे पडताच ती वळती झाली. ठिकठिकाणच्या बायका बँकांत तक्रार घेऊन गेल्या. महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी बँकांनी या रकमेतून कोणतीही कपात करू नये, असं स्पष्ट केलं. सरकारी योजनेचा पैसा दंडात वळवणं गैर आहे, हे तेव्हा शासनाने मान्य केलं. पण ज्या दंडाची ती थकबाकी होती, तो मुळात नियमाने लागला होता का, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

नियम काय सांगतो

२० नोव्हेंबर २०१४ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येक खातेदाराला पाठ असाव्यात.

पहिली, शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि शिल्लक भरायला एक महिना द्यायचा. त्यानंतरच दंड.

दुसरी, दंड तुटीच्या प्रमाणात हवा. समजा १,००० रुपये हवे होते आणि खात्यात ४०० होते, तर तूट ६०० ची. दंडाची टक्केवारी या ६०० वर लागेल. ज्याला ५० कमी पडले आणि ज्याला ९०० कमी पडले त्या दोघांना सारखाच दंड लावता येत नाही.

तिसरी, दंड वाजवी असावा. सेवा द्यायला बँकेला सरासरी जो खर्च येतो, त्याच्याशी त्याचा मेळ हवा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, केवळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. शून्यावर आलेल्या खात्यावर महिन्यामागून महिने दंड मांडत जायचं आणि पुढच्या हप्त्याची वाट पाहायची, हा प्रकार माझ्या मते या नियमाचा हेतूच मोडतो. तक्रारीत हा मुद्दा ठामपणे लिहावा.

याखेरीज दोन वर्षं व्यवहार न झाल्यामुळे निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर हा दंड लावता येत नाही. मूलभूत बचत ठेव खातं, म्हणजे लोक ज्याला झिरो बॅलन्स खातं म्हणतात ते, आणि त्यातच मोडणारं जनधन खातं, यांना किमान शिल्लकेची अटच नाही. अशा खात्यातून हा दंड कापला असेल तर तो चुकीचाच आहे.

इतर कपातींचंही पाहा. एसएमएसचं शुल्क प्रत्यक्ष गेलेल्या संदेशांच्या हिशेबाने घ्यायचं, ही रिझर्व्ह बँकेची २०१३ पासूनची सूचना आहे. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, तर बँकेने पाच दिवसांच्या आत ते परत जमा करायचे. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २० किंवा जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये तुमच्या सहीशिवाय गेले असतील, तर संमतीचा फॉर्म दाखवा म्हणा. मात्र कर्जाच्या हप्त्याच्या तारखेला आपल्याच खात्यात पैसे नव्हते, तर परत गेल्याचं शुल्क हक्काने मागता येत नाही. तिथे विनंतीच करावी लागते, आणि व्यवहार चोख असेल तर कधी ती मान्यही होते.

पवईतल्या प्राध्यापकांचा हिशेब

मागितल्याने काय होतं, याचं चांगलं उदाहरण मुंबईतलंच आहे. पवईच्या आयआयटीतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी झिरो बॅलन्स खात्यांवरच्या शुल्काचा अभ्यास केला. या खात्यातून महिन्यात चार वेळांहून जास्त पैसे काढले, तर स्टेट बँक प्रत्येक वेळी १७ रुपये ७० पैसे घेत होती. १५ रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. यूपीआयने चहाचे दहा रुपये दिले तरी तेवढेच. त्यांच्या अहवालानुसार एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० या काळात डिजिटल व्यवहारांवरच अशा खातेदारांकडून २५४ कोटींहून अधिक रुपये गेले.

३० ऑगस्ट २०२० ला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे कार्डाच्या व्यवहारांवर घेतलेलं शुल्क परत करायला बँकांना सांगितलं. त्यानंतर सुमारे ९० कोटी रुपये खातेदारांना परत मिळाल्याची आणि आधीच्या काळातले १६४ कोटी बँकेकडेच राहिल्याची नोंद दास यांच्या २०२१ च्या अहवालात आहे. एका प्राध्यापकाने आकडे मांडले, पुन्हा पुन्हा लिहिलं, आणि देशातल्या सर्वांत गरीब खात्यांकडे काही पैसा परत आला. बाकीचा आला नाही, हेही तितकंच लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अर्ज असा लिहा

पासबुक अद्ययावत छापून घ्या. कपातीच्या नोंदीवर खूण करा. ती कसली आहे ते विचारा आणि पेन्सिलीने शेजारी मराठीत लिहून ठेवा. मग साध्या कागदावर शाखा व्यवस्थापकांच्या नावे अर्ज करा. मराठीत केलेला अर्ज चालतो. मजकूर एवढा पुरे:

‘माझ्या बचत खात्यातून अमुक तारखेला अमुक रुपये किमान शिल्लकेचा दंड म्हणून कापले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार दंडापूर्वी मला सूचना व एक महिन्याची मुदत देणे आवश्यक होते. ती सूचना कोणत्या तारखेला व कशी पाठवली, हे लेखी कळवावे. सूचना दिली नसल्यास कापलेली रक्कम जीएसटीसह खात्यात परत जमा करावी.’

दोन प्रती करा. एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती जपून ठेवा. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा. तोंडी बोलण्याची नोंद कुठेच राहत नाही, शिक्क्याच्या प्रतीची राहते.

एक खबरदारी घ्या. बँकेकडे तुमचा जुना, बंद पडलेला मोबाईल नंबर असेल तर ‘आम्ही एसएमएस पाठवला होता’ असं उत्तर येईल. म्हणून चालू नंबर आजच नोंदवून घ्या.

बँकेने ऐकलं नाही तर

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची. १२ नोव्हेंबर २०२१ ला सगळ्या लोकपाल योजना एकत्र झाल्या. आता एकाच संकेतस्थळावर तक्रार करता येते, किंवा रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या तक्रार केंद्राला पत्र पाठवता येतं. फी लागत नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा निःशुल्क क्रमांक आहे. या पायरीलाही मुदत असते, म्हणून महिना उलटला की लगेच तक्रार करा. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात मध्यवर्ती सहकारी बँकेची खातीही पुष्कळ आहेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून या बँकाही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

आणि कायमचा उपाय म्हणजे खात्याचा प्रकार बदलून घेणं. आपलं साधं बचत खातं मूलभूत बचत ठेव खात्यात बदलून मागता येतं. त्यात शिल्लकेची अट नाही आणि एटीएम कार्डाला वार्षिक शुल्क नाही. एक अट अशी की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. योजनेचे पैसे ज्या खात्यात येतात ते खातं याच प्रकारचं असावं.

काळही थोडा बदलतो आहे. २०२५ च्या जून-जुलैमध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही बचत खात्यांवरचा हा दंड बंद केला. साडेआठ हजार कोटींचा आकडा संसदेत मांडला गेल्यावर वर्षभरातच हे घडलं. पण दंड बंद झाला म्हणजे आधी कापलेले पैसे आपोआप परत येत नाहीत, आणि बऱ्याच खासगी बँकांत तो आजही चालू आहे.

तेव्हा हिंगणीच्या, सेलूच्या, वर्ध्याच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. या आठवड्यात घरातली सगळी पासबुकं छापून आणा. आईचं, सासूचं, निराधारचं अनुदान घेणाऱ्या शेजारच्या आजीचंही. घरात शिकणारं पोर असेल तर त्याला ती वाचायला बसवा आणि अर्ज त्याच्याच हातून लिहून घ्या. ‘पैसे कायले कटले’ हा प्रश्न काउंटरवर विचारून सोडू नका. तो कागदावर लिहा आणि त्यावर शिक्का घ्या.