पगार कोणाच्या हातात?



या अंकात निकाल आणि स्नेहसंमेलन बाजूला ठेवून एका घरगुती विषयावर लिहीत आहोत. आपल्या घरी झाडू-पोछा, भांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायकांना महिन्याचा पगार रोख द्यावा की बँकेत जमा करावा? प्रश्न लहान वाटतो. आम्हालाही तो लहानच वाटत होता.

मागच्या सत्रात आपल्या शाळेतील एका विद्यार्थिनीची आई आमच्या खोलीत आली. मोठ्या मुलीला नर्सिंगला घालायचे होते, त्यासाठी कर्ज हवे होते. बँकेने साहजिकच उत्पन्नाचा पुरावा मागितला. या बाई दौलतगंज आणि आसपासच्या चार घरी अकरा वर्षे काम करीत आहेत. एकाही घरी पगार बुडाला नाही, असे त्या स्वतः म्हणाल्या. पण अकरा वर्षांच्या कमाईचा एक कागद त्यांच्याजवळ नव्हता. म्हणाल्या, "मॅडमजी, आप ही लिखके दे दो कि मैं कमाती हूँ." आता शाळेच्या कागदावर आम्ही काय लिहिणार? मुलगी आमच्याकडे शिकते, आई आमच्याकडे नोकरीला नाही. ज्यांनी लिहून द्यायला हवे होते ती चार घरे आपल्यासारखीच सुशिक्षित आहेत.

त्या दिवशी घरी जाताना आमच्या स्वतःच्या चुकीची आठवण झाली. तीही सांगितली पाहिजे.

२५ मार्च २०२० रोजी देशभर लॉकडाऊन लागला. आमच्याकडे नऊ वर्षे काम करणाऱ्या बाई स्वर्णरेखेच्या पलीकडे राहतात. आम्ही फोनवर मोठ्या मनाने सांगितले, की कामाला येऊ नका, पगार चालू राहील. पण पाठवणार कसा? खाते क्रमांक माहीत नव्हता. त्यांचे पूर्ण नावसुद्धा माहीत नव्हते. आमच्या मोबाईलमध्ये त्यांचे नाव फक्त 'बाई' एवढेच होते. केंद्र सरकारने एप्रिल ते जून २०२० असे तीन महिने महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये टाकले. ते आमच्या बाईंच्या खात्यात बरोबर पोचले. दिल्लीहून पैसे आले, दोन किलोमीटरवरच्या आमच्या घरून आले नाहीत. जूनमध्ये त्या आल्या तेव्हा आम्ही सगळा पगार एकदम दिला, पण मधल्या काळात त्यांनी व्याजाने पैसे उचलले होते. ते व्याज आमच्या आळसाचे होते.

मग आम्ही दुसरी चूक केली. त्यांना काही न विचारता जाहीर केले, की यापुढे पगार मोबाईलवरून देऊ. त्यांनी एक नंबर दिला. दोन महिन्यांनी त्या दारात उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "दीदी, हाथ में ही दे दो." नंबर मुलाचा होता. पैसे मुलाच्या खात्यात जात होते आणि आईला आपल्याच कमाईसाठी मुलाकडे हात पसरावा लागत होता.

म्हणजे रोख की बँक, एवढाच प्रश्न नाही. पैसा शेवटी कोणाच्या हातात पडतो आणि त्याची कुठे नोंद राहते, हा खरा प्रश्न आहे.

आधी रोखीची बाजू नीट समजून घेऊ. ज्यांचे हातावर पोट आहे त्यांना रोख रक्कम लगेच उपयोगी पडते. दूधवाला, किराणा, घरभाडे सगळे त्याच दिवशी चुकते करता येते. बाड्यावर जाऊन बँकेच्या रांगेत उभे राहायचे म्हणजे एक-दोन घरांचे काम बुडते आणि बोलणी ऐकावी लागतात ती वेगळीच. जनधनसारख्या मूळ बचत खात्यात किमान रकमेची अट नसते, पण साध्या बचत खात्यात अनेक ठिकाणी असते आणि रक्कम कमी पडली तर दंड कापला जातो. कुणाच्या खात्यातून कर्जाचा हप्ता आपोआप वळता होतो, मग पगार आला तसा गेला. पैसे खात्यात दिसले तर राशन कार्ड जाईल, अशीही भीती असते. वास्तविक पगार रोख मिळाला की बँकेतून, यावर पात्रता ठरत नाही. पण भीती खरी असते, आणि ती हसून उडवण्यासारखी नाही.

आता रोखीचे तोटे. नोंद नाही. "मागच्या महिन्यात दोनशे उचल घेतली होती" असे मालकीण म्हणते, बाई म्हणते "नाही". दोघीही प्रामाणिक असू शकतात, पण वाद झाला तर चार घरी शब्द मालकिणीचाच खरा धरला जातो. दुसरे, रोख रक्कम घरी नेली की ती लपवावी लागते. तांदळाच्या डब्यात, उशीच्या खोळीत, साडीच्या घडीत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १००० च्या जुन्या नोटा चलनातून बंद झाल्या, तेव्हा देशभर असंख्य बायकांना वर्षांची लपवलेली बचत नवऱ्यासमोर काढावी लागली. काही मालकांनी तर तेव्हा नको असलेल्या जुन्या नोटाच पगार म्हणून पुढे केल्या. बदलून आणण्याची रांग बाईच्या वाट्याला.

मग बँक बरी का? याचे उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. आपल्याच ग्वाल्हेर, मुरैना, श्योपूर आणि शिवपुरी या जिल्ह्यांतील गावांमध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी एक मोठा अभ्यास केला. तो २०२१ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रोजगार हमीच्या कामाची बाईची मजुरी तेव्हा बहुधा कुटुंबातील पुरुषाच्या खात्यात जाई. अभ्यासात काही गावांतील बायकांची स्वतःची खाती उघडली. काहींची मजुरी थेट त्याच खात्यात वळवली. काहींना खाते कसे वापरायचे याचे छोटे प्रशिक्षणही दिले. नुसते खाते उघडल्याने फारसा फरक पडला नाही. जिथे स्वतःचे खाते, त्यात थेट मजुरी आणि प्रशिक्षण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तिथे बायका अधिक काम करू लागल्या. रोजगार हमीवरही आणि बाहेरही. बाईने कमवावे की नाही याविषयी त्यांची स्वतःची मतेही बदलली.

आमच्या चुकीचे कारण या अभ्यासातून आम्हाला उमगले. आम्ही बँकेतून पैसे दिले, पण खाते बाईंचे नव्हते आणि ते वापरायला कुणी शिकवलेही नव्हते. ही बँकेची पद्धत रोखीपेक्षा वाईट ठरली.

कायदा काय म्हणतो, हेही पाहू. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात मजुरी नाण्यांत किंवा नोटांत द्यावी असे होते. मजुराला धान्य किंवा मालकाच्या दुकानाच्या चिठ्ठ्या देऊन फसवू नये, हा त्यामागचा विचार. १९७६ साली मजुराची लेखी संमती असेल तर चेक किंवा बँक खात्याची मुभा मिळाली. २०१७ च्या दुरुस्तीने संमतीची ती अट काढली. हा कायदा कारखान्यांसारख्या ठिकाणांसाठी होता, आपल्या घरातील बाईंसाठी नव्हता. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात म्हटले आहे, की पगार ठराविक मुदतीने, निदान महिन्यातून एकदा, थेट कामगाराच्या हातात रोख द्यावा. बँकेतून द्यायचा तर साधारणपणे कामगाराची संमती घ्यावी. भारताने हा करार स्वीकारलेला नाही, पण त्यातील शहाणपण स्वीकारायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

महाराष्ट्रात या विषयाला जुना इतिहास आहे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी आपण होऊन संप केला. पगारवाढ आणि भरपगारी सुट्टी अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यातून पुढे संघटना उभी राहिली. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०२१ च्या निर्बंधांच्या काळात तेथील सरकारने नोंदणीकृत घरकामगारांना १५०० रुपयांची मदत जाहीर केली. 'नोंदणीकृत' हा शब्द लक्षात घ्यावा. जिचे नाव कुठेच लिहिलेले नाही, तिच्यापर्यंत मदत पोचत नाही. आपल्या मध्य प्रदेशातही जून २०२३ मध्ये लाडली बहना योजनेचा पहिला हप्ता आला, तो बाईच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यातच. त्या निमित्ताने आपल्या बहुतेक बायकांचे खाते आता सुरू आहे. मग आपण निदान विचारून तरी पाहावे.

आमच्या अनुभवावरून चार गोष्टी सुचवतो.

१. आधी विचारा. "पगार कसा हवा?" हा प्रश्न बाईंना एकटीला, शांतपणे विचारा. त्या रोख म्हणाल्या तर रोखच द्या. अर्धा रोख, अर्धा खात्यात, असेही करता येते. आमच्याकडे सध्या हेच चालू आहे.

२. खाते त्यांच्याच नावाचे असावे. नवऱ्याचा, मुलाचा किंवा दिराचा नंबर चालणार नाही. पासबुकवरचे नाव स्वतः वाचून पाहा. खाते नसेल तर जनधन खाते शून्य रकमेवर उघडते. महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढणे त्यात मोफत असते. एकदा त्यांच्याबरोबर एटीएमपर्यंत जा, पैसे काढून दाखवा. पण गुप्त क्रमांक त्यांचा त्यांनाच टाकू द्या, आपण तोंड फिरवून उभे राहा.

३. रोख असो वा बँक, लिहून ठेवा. दहा रुपयांची वही पुरे. तारीख, रक्कम, उचल, रजा आणि दोघींची सही. अंगठा असला तरी चालेल. वही हिंदीत असावी, म्हणजे त्यांच्या मुलांना वाचता येईल. दोन वह्या करा, एक त्यांच्याकडे राहू द्या. वर्षाच्या शेवटी एका कागदावर लिहून द्या, की या बाई आमच्याकडे अमुक वर्षांपासून काम करतात आणि त्यांना अमुक पगार मिळतो. त्या आईला एवढाच कागद हवा होता.

४. ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून द्या. हे पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले. घरकामगारांची त्यात नोंद होते आणि बारा अंकी क्रमांक मिळतो. आपल्या नववी-दहावीच्या मुलांना हे काम सहज जमेल.

मुलांनो, येत्या सुट्टीसाठी तुम्हाला एक काम देतो. तुमच्या घरी मावशी येत असतील तर वर सांगितलेली वही तुम्ही तयार करा, आणि पहिल्या पानावर त्यांचे पूर्ण नाव लिहा. ते माहीत नसेल तर लाजू नका, विचारा. आम्हाला ते विचारायला नऊ वर्षे लागली. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या आई दुसऱ्यांच्या घरी काम करतात, त्यांनी आईची वही लिहावी. गणिताच्या तासाला तुम्ही जमाखर्च शिकता तो यासाठीच. तिच्या कष्टाचा हिशेब लिहिण्यात कमीपणा कसला?

विश्वस्त मंडळींना एक विनंती. शाळेत वरच्या कामासाठी अधूनमधून बोलावलेल्या बायकांना आजवर आपण व्हाउचरवर सही घेऊन रोख पैसे देत आलो आहोत. ते व्हाउचर शाळेच्या फायलीत राहते, बाईकडे काहीच राहत नाही. त्याची दुसरी प्रत त्यांना द्यावी आणि पैसे कसे हवेत हे त्यांना विचारावे, असा प्रस्ताव आम्ही पुढच्या बैठकीत ठेवणार आहोत.

आपण ग्वाल्हेरकर. शिंदे सरकारच्या किल्ल्यातील खजिन्याला 'गंगाजळी' म्हणत, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. आपल्याकडे राबणाऱ्या बाईचीही एक लहानशी गंगाजळी असावी, आणि तिची किल्ली तिच्याच कमरेला असावी.

त्या विद्यार्थिनीच्या आईला चारपैकी तीन घरांनी नंतर लिहून दिले. चौथ्या घरालाही हा अंक जातो. त्यांनी तो वाचावा, ही नम्र विनंती.

— प्राचार्य