जुनी बीटल तापते कशाने? पाच गैरसमज

फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलला रेडिएटर नाही आणि पाणीही नाही. त्यामुळे इंजिन तापलं की सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. त्यातले काही सल्ले इंजिनाच्या मुळावर येतात.

गैरसमज १ : एअर-कूल्ड इंजिन उन्हात तापणारच.
वस्तुस्थिती : हीच रचना घेऊन बीटल ब्राझील-मेक्सिकोच्या उन्हात दशकानुदशकं धावली. शेवटची गाडी ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे तयार झाली. तोवर एकूण आकडा २ कोटी १५ लाखांवर गेला होता. या रचनेत वाऱ्याच्या भरवशावर काहीच नाही. डायनॅमोच्या शाफ्टवरचा पंखा हवा ओढतो आणि पत्र्याच्या कवचातून सिलिंडरच्या फिन्सवर सोडतो, गाडी उभी असली तरी. आपल्या बजाज चेतकमध्येही फ्लायव्हीलवरचा पंखा हेच काम करायचा. इंजिन भलतंच तापत असेल, तर आधी हवेची वाट तपासायची.

गैरसमज २ : मागचं झाकण किलकिलं ठेवलं की भागतं.
वस्तुस्थिती : इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी सील वरची थंड हवा खालच्या गरम हवेपासून वेगळी ठेवतात. पत्रा गहाळ असेल किंवा सील फाटलं असेल, तर पंखा तीच गरम हवा पुन्हा ओढतो. झाकण उघडून कडेकडेने खाली बघा. रस्ता दिसला तर दुखणं तिथेच आहे.

गैरसमज ३ : थर्मोस्टॅट आणि हवेच्या वाटेतल्या झडपा काढून टाकाव्यात.
वस्तुस्थिती : थर्मोस्टॅट बिघडला तर झडपा उघड्या राहाव्यात, अशीच मूळ योजना आहे. झडपा हवेला दिशाही देतात. त्या काढल्या की हवेची वाटणी बिघडते आणि गार इंजिन गरम व्हायला उशीर लागून झीज वाढते. गंजून अडकल्या असतील तर मोकळ्या करा, काढू नका.

गैरसमज ४ : जाड ऑइल घातलं की इंजिन थंड राहतं.
वस्तुस्थिती : इंजिनात जेमतेम अडीच लिटर ऑइल असतं आणि बरीच उष्णता तेच वाहून नेतं. ऑइल गरजेपेक्षा जाड असेल तर दाब वाढतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल कूलरला वळसा घालून जातं.

गैरसमज ५ : डायनॅमोचा लाल दिवा लागला म्हणजे फक्त चार्जिंग गेलं, घरापर्यंत जाता येईल.
वस्तुस्थिती : डायनॅमो आणि पंखा एकाच बेल्टवर चालतात. बेल्ट तुटला असेल तर पंखाही थांबलेला असतो. गाडी तिथेच थांबवा आणि इंजिन बंद करून बेल्ट बघा.

तपासणीचा क्रम सोपा आहे. आधी बेल्टचा ताण बघा. मग पंख्याच्या तोंडाशी चिंधी किंवा पाचोळा अडकलाय का, फिन्सवर तेलकट मातीचा थर बसलाय का, ते बघा. त्यानंतर टायमिंग तपासा आणि इंजिन पूर्ण गार असताना टॅपेट लावा. बहुतेक इंजिनांना ०.१५ मिलिमीटर फट लागते. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी पडत असेल, तरी इंजिन तापतं.

बीटलला मुळात तापमानाचा काटा नव्हता. म्हणून ऑइलच्या तापमानाचा एक काटा जरूर बसवून घ्या आणि तो १२० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागला तर गाडी थांबवा. जादा ऑइल कूलरवर पैसे घालण्याआधी निघालेले पत्रे आणि फाटलेली सील परत जागेवर बसवा.