हिशेबाची वही कोणाच्या भाषेत?

दुधनीला जाऊन आलेल्या वाचकांना तेथील शिकारे आठवत असतील. मधुबन धरणाने दमणगंगा अडवली, डोंगरांच्या मधोमध पाणी पसरले आणि त्या पाण्यावर पर्यटकांना फिरवण्याचा धंदा उभा राहिला. धंद्याचे शास्त्र तेथून सुमारे 40 किलोमीटरवर, सिल्वासात, पदवीच्या वर्गात शिकवले जाते. पण हे आपल्याच गावाचे शास्त्र आहे, असे दुधनीच्या मुलाला तेथे बसून वाटत नाही. आमच्या मते हा दोष त्याच्या बुद्धीचा नाही. प्रश्न भाषेचा आहे.

2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे मराठी स्वयंसेवक होते, हे सर्वश्रुत आहे. 1961 मध्ये हा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला. पुढे करसवलतींमुळे कारखाने आले आणि पुणे व मुंबई या दोन्ही विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयेही निघाली. बी.कॉम. आणि बी.एम.एस.च्या शेवटच्या वर्षी वित्त, व्यवस्थापन, मार्केटिंग असे विशेष विषय आले. दार उघडले खरे, पण उंबरठा उंचच राहिला.

घरी वारली किंवा कोकणा बोली, शाळेत मराठी नाहीतर गुजराती, बाजारात हिंदी आणि तिसऱ्या वर्षाला इंग्रजी, अशा चार पायऱ्या हा विद्यार्थी चढतो. ‘वर्किंग कॅपिटल’ची व्याख्या तो घोकून पाठ करतो. पावसाच्या तोंडावर बियाण्यासाठी हातउसने घेऊन पीक आल्यावर ते फेडणारी त्याची आई हेच खेळते भांडवल वर्षानुवर्षे सांभाळत आली आहे, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

शिकाऱ्याचेच उदाहरण घेऊ. आकडे समजुतीपुरते आहेत. समजा, कर्जाचा हप्ता आणि डागडुजी मिळून महिन्याचा ठरलेला खर्च 6,000 रुपये. एका फेरीचे भाडे 300, त्यातले 100 वल्हवणाऱ्याचे. म्हणजे फेरीमागे उरले 200. महिन्याला 30 फेऱ्या झाल्या की नफाही नाही, तोटाही नाही. पण पावसाळ्यात चार महिने नाव बांधून ठेवावी लागली तर? हप्ता थांबत नाही. वर्षाचे 72,000 रुपये आठ महिन्यांतच उभे करायचे, म्हणजे महिन्याला 45 फेऱ्या हव्यात. पुस्तकातला ‘ब्रेक-इव्हन पॉइंट’ तो हाच. अशा रीतीने सांगितला तर दुधनीचा कोणता मुलगा तो विसरेल?

हा केवळ परीक्षेतल्या गुणांचा प्रश्न नव्हे. शेजारच्या तलासरी-उंबरगाव भागात 1945 मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको जन्मभर सावकाराकडे राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज किती, फिटले किती, हे सावकाराची वही सांगे आणि ती वही वारल्याला वाचता येत नसे. आज वहीच्या जागी कर्जाचा करारनामा आहे, विम्याची पॉलिसी आहे, कंपनीचा ताळेबंद आहे. पदवी हातात असूनही हे कागद नुसते उच्चारता येत असतील आणि उमगत नसतील, तर काय बदलले?

इंग्रजीला आमचा विरोध नाही. बँक, जीएसटी, लेखापरीक्षण यांचा व्यवहार बराचसा इंग्रजीतच चालतो, ती यायलाच हवी. त्याचबरोबर इंग्रजी घोकंपट्टीच्या जागी संस्कृतप्रचुर घोकंपट्टी आली तर तीही नको. ‘विपणन’ हा शब्द दुधनीत ‘मार्केटिंग’हून जवळचा नाही. पण भांडवल, घसारा, उधारी, येणे-देणे, ताळेबंद हे शब्द बाजारपेठेत रुळलेले आहेत. ते वर्गात का येऊ नयेत?

पुणे विद्यापीठाने बी.कॉम.ला इंग्रजीबरोबर मराठी माध्यमालाही मान्यता दिलेली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणातही मातृभाषेला स्थान द्यावे असे सुचवले. 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या सन्मानाचा उपयोग दुधनीपर्यंत पोहोचायचा असेल तर आमच्या तीन साध्या मागण्या आहेत. कल्पना आधी विद्यार्थ्याच्या भाषेत समजावून मग तिचे इंग्रजी नाव द्यावे. दोन्ही भाषांतले शब्द शेजारी-शेजारी छापलेली छोटी पुस्तिका प्रत्येकाच्या हाती असावी. आणि तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प मुलांना आपल्याच गावातल्या धंद्यावर करू द्यावा. मग तो शिकाऱ्याचा असो, बचत गटाचा असो वा वारली चित्रांच्या विक्रीचा.

जलाशयाकाठी उद्या नवी गुंतवणूक येईल, नवे करारही होतील. त्या कागदांवर सही करण्यापूर्वी दुधनीचा पदवीधर ते आपल्या वडिलांना घरच्या बोलीत समजावून सांगू शकला, तर त्या पदवीचे चीज झाले असे आम्ही म्हणू.