पितळेला भेग का पडते?

आमची सवय गेटसभेत बोलण्याची. तेथे ऐकणारा पाळी संपवून भुकेला उभा असतो, म्हणून दहा मिनिटांत आटपावे लागते. या व्याख्यानमालेत मंडळी निवांत बसून ऐकतात, तेव्हा आज एक जुने प्रकरण जरा विस्ताराने सांगावे म्हणतो.

तीसएक वर्षांमागे मुंबईच्या एका उपनगरात पितळेच्या टोप्या काढणारा लहानसा कारखाना होता. नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. पत्र्याची चकती प्रेसखाली ठेवायची. पंच खाली आला की ती डायमधून ओढली जाऊन तिची वाटी होते, आणि आणखी दोनतीन डायमधून गेली की त्या वाटीची उंच टोपी होते. एका पावसाळ्यात गोदामातल्या पेट्या उघडल्या, तो शेकडो टोप्यांना काठापासून खाली उभ्या भेगा! माल प्रेसवरून निघाला तेव्हा धड होता, तपासनीसाने पास केल्याची नोंदही होती. तरी प्रेसवरच्या कामगाराला हलगर्जीपणाचे आरोपपत्र मिळाले. चौकशीत त्याची बाजू मांडायला आम्ही होतो. ‘धड माल कोणी हात न लावता गोदामात कसा फुटेल?’ असा प्रश्न आला, आणि आम्हांला उत्तर देता आले नाही. माणूस कामावरून गेला.

उत्तर आम्हांला दोन वर्षांनी सापडले, वाचनालयात शब्दकोश शेजारी घेऊन वाचलेल्या धातुशास्त्राच्या एका इंग्रजी पुस्तकात. आणि ते निघाले आपल्याच देशातले. एकोणिसाव्या शतकात येथल्या इंग्रजी फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात, आणि त्यांना भेगा पडलेल्या आढळत. काडतुसाची भेग ही टोपीच्या भेगेसारखी केवळ नुकसानीची बाब नव्हे. बार उडतो तेव्हा पितळेची नळी क्षणभर फुगून बंदुकीच्या भिंतीला घट्ट बसते आणि तापलेला वायू मागे येऊ देत नाही. नळी फुटकी असली, तर तो वायू गोळी झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. वाळत्या लाकडाला चीर जाते तशी ही भेग दिसते, म्हणून तिला इंग्रजीत ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. तिच्या कारणांचा नीट उलगडा मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली केला.

काडतुसाचे पितळ म्हणजे सुमारे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. हे पितळ मोठे ओढाळ. डायमधून कितीही लांबवा, लांबते. परंतु प्रत्येक ओढीबरोबर ते कडक होत जाते. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी काम पाहिले असेल त्यांना हे शिकवायला नको. तांबट भांडे ठोकतो, ते कडक होऊन हातोड्याला दाद देईनासे होते, मग तो ते भट्टीत घालून पुन्हा मऊ करतो. शेवटी मठारतो, ते मात्र मुद्दाम कडकपणा यावा म्हणून. काडतुसाच्या कारखान्यातही दोन ओढींच्या मध्ये भट्टी असतेच. आपल्या खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथील जुन्या कामगारांना हे आमच्याहून चांगले ठाऊक असेल.

आता खरी खुबी. डायमधून निघालेली नळी शांत दिसते, पण शांत नसते. बाहेरचा थर आणि आतला थर सारखे ओढले गेलेले नसतात. एक दुसऱ्याला ताणून धरतो. प्रत्यय पाहायचा असेल तर अशा नळीचे कडे कापून ते करवतीने एका जागी उभे चिरावे. बहुधा ते आपसूक फाकते. हा ताण डोळ्यांना दिसत नाही, मापपट्टीला कळत नाही, आणि तपासनीस माल पास करतो.

नुसत्या ताणाने पितळ फुटेलच असे नाही. त्याला जोड लागते ती अमोनियाची. जनावरांच्या मुतातून तो निघतो. पावसाळ्यात दमट हवेने पितळेवर पाण्याचा बारीक थर धरतो, त्यात हा वायू विरघळतो आणि तांब्याला खाऊ लागतो. ताण नसता तर वरवर डाग पडला असता. ताण असला की जेथे थोडे खाल्ले तेथेच पितळ उकलते, आणि उकललेल्या जागी पुन्हा अमोनिया शिरतो.

एवढे वाचले आणि आम्ही पुस्तक मिटले. त्या कारखान्याच्या गोदामाची मागची भिंत म्हशींच्या तबेल्याला लागून होती. चौकशीला जाता-येता आम्ही नाकाला रुमाल लावला होता!

यावर उपाय महाग नाही. शेवटच्या ओढीनंतर माल तीनशे अंश सेंटिग्रेडच्या आत तासभर तापवला, तर कडकपणा बराचसा राहतो आणि ताण निघून जातो. ताण उरला आहे की नाही, हे मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावात नमुना बुडवून पाहता येते. ताणलेला नमुना थोड्या वेळात तडकतो. पण तो पाऱ्याचा क्षार विषारी, म्हणून हे काम प्रयोगशाळेचेच.

अमेरिकेत नेमबाजीचे शौकीन पिस्तुलाची रिकामी काडतुसे घरी पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून ते करता येत नाही. तथापि त्यांच्या डायच्या निवडीत हाच हिशेब आहे. फुगलेली नळी डायमध्ये दाबून मूळ मापावर आणायची. पोलादी डाय स्वस्त, पण दर नळीला वंगण लावावे लागते, नाही तर ती आत अडकून बसते. टंगस्टन कार्बाइडचे कडे बसवलेला डाय महाग, पण पिस्तुलाच्या सरळ नळीला त्यात वंगण लागत नाही. डाय फार तंग निवडला, तर प्रत्येक खेपेस पितळ गरजेपेक्षा जास्त दाबले जाते आणि तोंडाशी लवकर तडकते. आणि अमोनिया असलेल्या पॉलिशने नळ्या चकचकीत करू नयेत, हे तेथले अनुभवी लोक नवख्याला आवर्जून बजावतात.

आम्ही पुस्तकातले ते पान उतरवून मालकाकडे नेले. त्याने ते दोनदा वाचले. पुढच्या पावसाळ्याआधी पेट्या दुसऱ्या खोलीत गेल्या आणि एक लहान भट्टी आली. कामावरून गेलेला तो गडी एव्हाना गावी परतला होता. त्याला आम्ही सगळे सविस्तर कळवले. त्याचे कार्ड आले. चौकशीच्या कागदावर आता काही बदलते का, एवढेच त्याने विचारले होते. मुदत टळली होती, आणि तसे आम्हांला त्याला लिहावे लागले.