जुनी जीप घेताय? आधी वही मागा!

आमच्या सातारा-सांगली भागात ‘वडाप’ हा शब्द ठाऊक नसलेली बाई शोधून सापडायची नाही. बाजाराला जायचं, माहेरी जायचं, लेकराला दवाखान्यात न्यायचं… एसटी चुकली की वडापची जीप आहेच! १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, पुढे कमांडर आली, मार्शल आली, २००० साली बोलेरो आणि २०१० मध्ये थार. शहरातल्या लोकांसाठी ती हौस असेल, पण पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरात जीप ही गरज आहे. म्हणूनच तिथे जुन्या जीपलाही गिऱ्हाईक असतं. प्रश्न एवढाच, की घेताना घरातल्या बाईला कुणी विचारतं का? बहुतेक घरांत तिला पेढ्याच्या वेळीच कळतं!

आमच्या घरात यंदा हा विषय निघाला तो माझ्या धाकट्या जाऊबाईंमुळे. त्या पाटण तालुक्यातल्या डोंगरात राहतात. फाट्यापासून घर चार किलोमीटर, रस्ता कच्चा. १०८ ची रुग्णवाहिका फाट्यापर्यंत येते, पुढे माणूस खांद्यावर! एका पावसाळ्यात सासऱ्यांना असंच डोलीतून खाली आणावं लागलं. तेव्हापासून भावजींच्या डोक्यात फोर बाय फोर जीपचं खूळ बसलं. नवी परवडणारी नव्हती. जुनी घ्यायची, तर पैसे कुठले? जाऊबाईंनी डेअरीला दूध घालून साठवलेली पाच लाखांची ठेव. दुसरी पुंजी घरात नाही.

जाऊबाईंचा मला फोन आला, “ताई, नाही म्हटलं तर मामंजींच्या जिवाची काळजी, हो म्हटलं तर पोराच्या शिक्षणाची. काय करू?”

मी म्हटलं, हो-नाहीचं नंतर बघू, आधी हिशेब मांडू. भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आम्ही दोघी बसलो. वर्षात किती दिवस रस्ता खरंच बंद असतो? साधी गाडी चढत नाही असे किती? दुधाची फेरी, बाजार, दवाखाना, शाळा… मोजत गेलो तर पावसाळ्यातले साठ-सत्तर दिवस निघाले. एवढे दिवस अडत असतील, तर हौस म्हणता येणार नाही. हेच दिवस पाच-सात निघाले असते, तर मी स्वतःच भावजींना समजावलं असतं, की तेवढ्यापुरती भाड्याची जीप सांगा.

मग गाड्या बघायला सुरुवात झाली. पहिली सांगली शहरातली. मीटरवर फक्त ऐंशी हजार किलोमीटर, रंग चकचकीत. भावजी खूश! दुसरी तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराची, २०१२ सालची, दोन लाख दहा हजार किलोमीटर पळालेली. ती बघायलाच नको म्हणत होते. पण आमच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री बरोबर होते. ते म्हणाले, “वहिनी, मीटर बोलतं ते खरं असेलच असं नाही. गाडीला विचारा.”

गाडीला विचारायचं म्हणजे काय? तर क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर बघायचं, ड्रायव्हरची सीट, स्टिअरिंगची झीज बघायची. ऐंशी हजारवालीचं रबर पार गुळगुळीत! शिवाय मिस्त्रींनी पायाखालची मॅटिंग उचलली, सीटचे पट्टे पूर्ण बाहेर ओढले, तर आत गाळाची रेघ. आपल्याला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. त्या पाण्यात किती घरं, किती गाड्या बुडाल्या! बुडालेली गाडी धुऊन-पुसून, रंगवून उभी करता येते, पण वायरिंग आणि बेअरिंगमध्ये शिरलेलं पाणी पुढे वर्षानुवर्षं छळतं. ती गाडी आम्ही तिथेच सोडली.

आता दुसरी. दोन लाख दहा हजार हा आकडा ऐकून छाती दडपते, पण भागाकार करा. तेरा वर्षांत दोन लाख दहा हजार म्हणजे वर्षाला सोळा हजार, दिवसाला चव्वेचाळीस किलोमीटर. शेतकऱ्याच्या गाडीला हे काही फार नाही. मिस्त्रींनी सांगून ठेवलं होतं, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. सकाळी थंड इंजिन सुरू करून बघायचं असतं. बॉनेट आधीच गरम लागलं तर समजायचं, काहीतरी झाकायचं आहे. धूर निळसर आला तर इंजिन ऑइल जळतंय, काळा येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही, पांढरा थांबेचना तर इंजिनात पाणी जात असेल. खाली वाकून चासी ठोकून बघायची. गंज, वेल्डिंगचे ठिगळ दिसले तर दोन पावलं मागे. महाबळेश्वर, नवजाकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर जत-आटपाडीकडे त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. त्यामुळे कोरड्या भागातल्या गाडीची चासी डोंगरातल्या गाडीपेक्षा बरी असायची शक्यता जास्त. फोर बाय फोरचा दांडा मातीच्या चढावर घालून बघायचा, कोरड्या डांबरी रस्त्यावर घालून वळवायची नसते. पाचही टायर एका मापाचे आहेत का, तेही बघायचं.

पण आमचा निर्णय झाला तो दुसऱ्याच गोष्टीवर. त्या घरातल्या बाईंनी कपाटातून एक वही आणून समोर ठेवली. किराण्याच्या वहीसारखी. त्यात तारीख, किलोमीटर, ऑइल बदललं, क्लच प्लेट घातली, पाटे बदलले, सगळं लिहिलेलं, आणि मागे बिलं टाचलेली! दोन लाखांचा एकेक किलोमीटर त्या वहीत सापडत होता. लपवलेल्या ऐंशी हजारापेक्षा हे दोन लाख मला केव्हाही बरे वाटले.

नंतर कागद. एमपरिवहन अॅपवर नंबर टाकला की नोंदणी, विमा, फिटनेसची मुदत दिसते. बँकेचा बोजा उतरलाय का आणि ई-चलन थकलंय का, तेही विकणाऱ्याबरोबर बसून बघावं. २०१२ ची गाडी म्हणजे २०२७ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण. खासगी गाडीची पुन्हा पासिंग करून पाच-पाच वर्षांनी मुदत वाढवता येते, पण पूर्वी ६०० रुपये असलेली फी एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली आहे. वर पर्यावरण कर. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते, विमा लागतो, ट्रान्सफरचा खर्च असतो. म्हणून जाऊबाईंनी भावजींना स्पष्ट सांगितलं, “पाच लाख गाडीला नाहीत, पाच लाख सगळं मिळून!” सव्वाचार मागत होते, घासाघीस करून तीन लाख नव्वदला ठरलं. साठ हजार टायर आणि दुरुस्तीला गेले. कागदपत्रं आणि विमा भागून जे उरलं ते पोस्टात ठेवलं, पुढच्या पासिंगसाठी.

शेवटचा मुद्दा नावाचा. पैसे जाऊबाईंचे, तर आरसी बुकावर नावही त्यांचंच, हा माझा आग्रह होता. भावजी आधी हसले, मग मान्य केलं. पण मैत्रिणींनो, नावाबरोबर जबाबदारीही येते! २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की गाडी विकली तरी सरकारी नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार. म्हणून विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंद बदलण्यासाठी आरटीओकडे जायलाच हवं, फॉर्म २९ आणि ३० घेऊन. मालक वारला, तर वारसाने तीस दिवसांत कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. किती विधवा बहिणी नवऱ्याची गाडी नुसत्या सहीवर विकून मोकळ्या होतात, आणि पुढे कोर्टाची नोटीस आली की घाबरून जातात! पांढऱ्या पाटीची गाडी वडापला लावली, तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. अठराच्या आतल्या पोराच्या हाती दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. जाऊबाईंनी हे दोन्ही नियम घरात पहिल्याच दिवशी सांगून टाकले. पुतण्या रुसलाय, रुसू दे!

तुमच्याकडेही असा विषय निघाला, तर ‘मला गाड्यांतलं काय कळतंय’ म्हणून स्वयंपाकघरात जाऊ नका. इंजिन मिस्त्रीला कळतं. पण वर्षाचे दिवस मोजणं, खर्चाची बेरीज करणं, कागद वाचणं आणि वही ठेवणं हे आपण रोजच करतो की! तासगावच्या त्या बाईंची वही आता जाऊबाईंकडे आहे. पुढच्या कोऱ्या पानावर त्यांनी तारीख घालून लिहिलंय, ‘ऑइल बदलले, २,१०,६४०.’